चूक सापडेल त्याची छडी

मित्रांनो, मी एक जुनी छडी आहे, आणि तीसुद्धा अर्धीच. माझ्या एका टोकाला हात घालायची चामड्याची वादी आहे. दुसरं टोक फाटलेलं आणि काळवंडलेलं आहे. त्याच्या पुढे पूर्वी दीड हात लाकूड होतं आणि शेवटी पितळेचं टोपण होतं. ते कुठे गेलं, हे सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे. मी खूप मारलं आहे, मित्रांनो. ज्यांनी मार खाल्ला त्यांतले कित्येकजण तो विसरले. मला मात्र एकूण एक फटका आठवतो.

माझा जन्मच मार खात झाला. कुऱ्हाडीचे अकरा घाव मी मोजले. मग करवतीने मला उभं चिरलं, वर्षभर उन्हात टाकलं आणि एके दिवशी एका म्हाताऱ्या कातारीबाबांनी मला गरगर फिरणाऱ्या यंत्रावर चढवलं. मी फिरत होते आणि त्यांची पटाशी माझी साल, माझे कोपरे, माझं सगळं उडवत होती. थांबले तेव्हा मी सडपातळ, गुळगुळीत आणि सरळ झाले होते.

मला घ्यायला आलेले गृहस्थ तेव्हा तरुण होते. बाहीला खडू लागलेला, खिशात कागदांचे कपटे. त्यांना सगळे सर म्हणत, म्हणून मीही सरच म्हणते.

"किती लांब हवी?" बाबांनी विचारलं.

"फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत माझा हात पोचत नाही. त्याहून हातभर लांब द्या."

"मुलांना मारायला तर नाही ना? नाही म्हणजे, तसं असेल तर जरा जाड देतो."

सर मोठ्याने हसले. "माझी मुलं पंचवीस-तीस वर्षांची आहेत हो. मिशा आहेत त्यांना."

"मिशीवाल्यांनाही लागतं," बाबा म्हणाले. मग त्यांनी माझ्या मध्यावर अंगठा फिरवला. "हे बघा. इथे गाठ आहे. वरून दोन्ही बाजू अगदी सारख्या दिसतात, पण मोडली तर ही इथूनच मोडेल. दाखवायला वापरा, जन्मभर पुरेल. आपटू नका."

सरांनी मान डोलावली. माणसं दुकानात असताना सगळ्याच गोष्टींना मान डोलावतात.

सर रसायनशास्त्राचे, पण त्यांच्या हाताला कधी आम्लाचा वास आला नाही. त्यांचं रसायनशास्त्र कागदावरचं आणि संगणकातलं. एखादा रेणू कसा बसेल, कधी तुटेल, तुटताना किती आग ओकेल, हे तो रेणू हाताने बनवायच्या आधीच गणिताने सांगायचं, असा तो उद्योग. महाविद्यालयाला सुट्टी लागली की तीन आठवडे सर उन्हाळी शाळा भरवत. लांबलांबून तरुण संशोधक पेट्या-वळकट्या घेऊन येत. पहिल्या मजल्यावर लांबलचक हॉल, भिंतीवर तीन काळे फळे, चाळीस बाक. खाली तळघरात संगणकाची खोली. खिडकीतून दिसणाऱ्या अंगणापलीकडे खरी प्रयोगशाळा, जिथे काच, बर्फ आणि ज्योत होती.

सर मला धरून फळ्यावर डोंगर काढत. ते म्हणत, "रेणू म्हणजे दरीत झोपलेला माणूस. त्याला मोडायचं तर उठवून डोंगरापलीकडे ढकलावं लागतं. डोंगर उंच असेल तर तो गरम केला तरी झोपून राहतो. ठेंगणा असेल तर थोड्याशा उबेने उठतो आणि घर पेटवतो. आपलं काम एवढंच की डोंगराची उंची बरोबर सांगायची." माझं पितळी टोपण त्या खडूच्या रेघांवरून फिरे आणि चाळीस माना माझ्याबरोबर वळत. काय सुख होतं ते, मित्रांनो!

पहिल्याच उन्हाळ्यात सरांनी एक नियम केला. फळ्यावरची चूक ज्याला सापडेल, त्याच्या हातात छडी. मग पुढची चूक निघेपर्यंत शिकवणारा खाली बसणार आणि छडीवाला फळ्यापाशी उभा राहणार. चूक सरांची असली तरी हाच नियम. त्या उन्हाळ्यात सरांनी मला चार वेळा दुसऱ्यांच्या हाती दिलं. चारही वेळा ते स्वतः टाळ्या वाजवत बाकावर जाऊन बसले. मी किती घामेजलेल्या, थरथरणाऱ्या, आनंदाने गच्च झालेल्या मुठींतून फिरले! महाविद्यालयात कुणाच्याही हातात मी दिसले की शिपायापासून काचकाम करणाऱ्यापर्यंत सगळे म्हणत, "अरे वा, याने सरांची चूक काढली वाटतं!"

मग सरांचं नाव झालं. त्यांच्या नावाआधी मोठमोठी विशेषणं लागू लागली. फळ्यावरच्या चुका कमी झाल्या नाहीत, मी त्यांच्यावरूनच फिरत होते. पण त्या दाखवणारे कमी झाले.

सातव्या उन्हाळ्यात शर्टाची बटणं नेहमी चुकीची लावणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तिथे वजा हवं." हवंच होतं. सर हसत त्याच्याजवळ गेले. त्याने मला घ्यायला हात पुढे केला, आणि सरांनी त्याच्या बोटांच्या पेरांवर माझा सपकन फटका दिला. "हे घे बक्षीस!" हॉल हसला. तो मुलगाही हसला. त्याची दोन नखं मात्र संध्याकाळपर्यंत काळी पडली.

माझं पहिलं मारणं ते. वाटलं, चुकून झालं असेल.

पुढे मी बाक फोडले, खडूचे खोके फोडले. पोटऱ्या, खांदे, पाठी, सगळं झालं. एकदा संगणकावर आधी कुणाची पाळी यावरून दोघे जुंपले. एकाने दुसऱ्याची छिद्रं पाडलेली हजारभर कार्डं जिन्यावरून भिरकावली. दुसऱ्याने त्याचा दात पाडला आणि मग केस धरून डोकं कठड्यावर आपटलं. सरांनी दोघांना माझ्यानेच सोडवलं, म्हणजे दोघांच्या पाठी सोलून काढल्या. गंमत पाहा, त्यातला एक पुढे मोठा अधिकारी झाला आणि त्याने पत्रात लिहिलं, "सरांच्या छडीने आम्हाला घडवलं." ते पत्र सरांनी चौकट करून लावलं. दर वर्षी जुने विद्यार्थी नव्यांना वळ दाखवत आणि वर म्हणत, "तुमच्या वेळी सर फारच मऊ झालेत." मार मिरवायची गोष्ट झाली की तो थांबवायचा कुणी?

एकोणिसाव्या उन्हाळ्यात ती आली.

ती फार सावकाश काम करायची. इतर जण दिवसाला दोन गणितं संगणकात घालत आणि ही आधी वहीत हाताने सोडवून बघे. सरांनी तिचं नाव गोगलगाय ठेवलं, आणि मग सगळ्यांनीच. तिचा थोरला भाऊ अंगणापलीकडच्या प्रयोगशाळेत कामाला होता. ज्योतीवर काच वितळवून नळ्या आणि चंबू फुंकायचा, आणि प्रयोगाला हाताशीही उभा राहायचा. आईवडिलांमागे त्यानेच बहिणीला शिकवलं होतं. ती त्याला दादा म्हणे. तो तिला चिमणे म्हणे, ती त्याच्याहून बोटभर उंच असली तरी.

त्या वर्षी सरांनी एक नवा रेणू सुचवला होता. रूपाने देखणा, आरशात पाहिल्यासारखा, डावी बाजू तशीच उजवी. याला सममिती म्हणतात, आणि सरांचा तिच्यावर फार जीव. त्यांनी हिशेब मांडला होता की या रेणूचा डोंगर पस्तीस मापांचा आहे, म्हणजे खुशाल गरम करा. प्रयोगशाळेत तो आजवर चिमूटभरच बनला होता आणि बर्फात ठेवला होता. शाळेच्या शेवटच्या दिवशी दुपारी एकला बडे पाहुणे येणार होते. त्यांच्यापुढे मांडायला या वेळी तो चंबूभर बनवला होता, आणि त्यातला पातळ द्रव उडवायला दादाने तो चंबू बारा वाजता बर्फातून काढून गरम पाण्यात ठेवायचा, असं ठरलं होतं.

गोगलगाय तीन आठवडे एकच गणित करत होती. सरांनी काम वाचावं म्हणून संगणकाला आधीच बजावलं होतं की दोन्ही बाजू सारख्याच हलतील असं धरून चाल. त्या काळी सगळेच असं करत, त्याशिवाय संगणकाला झेपत नसे. तिने ते बंधन काढून टाकलं. रेणूला हवं तसं वेडंवाकडं होऊ दिलं. संगणक कण्हत राहिला.

"काय गं गोगलगाय," सर सगळ्यांसमोर विचारत, "तुझं गणित अंडी उबवतंय का?"

"अजून आठ दिवस, सर."

"आठ दिवसांनी पिल्लू निघालं तर आम्हालाही दाखव हो!"

पिल्लू शेवटच्या दिवशी साडेदहाला निघालं. घड्याघड्यांच्या लांब कागदाच्या शेवटी आकडा होता, चोवीस. रेणू एका बाजूला कलला तर डोंगर चढावाच लागत नव्हता, शेजारून ठेंगणी खिंड होती. सरांनी रेणूला सरळ उभं धरून ठेवलं होतं, म्हणून ती त्यांना दिसलीच नव्हती. चोवीस म्हणजे गरम पाण्यात तो चंबू थोडाच वेळ शांत राहणार होता.

ती आधी धावत भावाकडे गेली. त्यांचं बोलणं मी ऐकलं नाही, मी हॉलमध्ये होते. पण पुढे तिने ते इतक्यांदा सांगितलं की मला तोंडपाठ आहे.

"दादा, आज तो चंबू गरम करू नकोस. सरांचं चुकलंय."

"सरांचं? चिमणे, तुला आठाचा पाढा यायला दोन वर्षं लागली होती."

"थट्टा नको रे! फुटेल तो."

दादाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसणं आवरलं. "हे बघ, मागच्या वर्षी मी सरांना न विचारता एक ज्योत बंद केली. त्यांनी सगळ्यांदेखत मला कानफटवलं आणि म्हणाले, पुन्हा केलंस तर हातात नारळ. तू सरांना पटव. दोन ओळींची चिठ्ठी आण, की मी हात लावत नाही. बारापर्यंत थांबतो. आली नाहीस तर समजेन, तुझंच चुकलं."

"बरं," ती म्हणाली. ते 'बरं' तिला जन्मभर टोचलं.

अकराला सरांचं शेवटचं व्याख्यान सुरू झालं. फळ्यावर तोच देखणा रेणू, तोच डोंगर. ते बोलायचं थांबत नव्हते आणि मध्ये बोलणाऱ्याला मी ठाऊक होते. पाऊण तास ती तो कागद छातीशी धरून बसली. दाराच्या वरच्या घड्याळात पावणेबारा झाले आणि ती उठली.

"सर, फळ्यावर चूक आहे."

बारा वर्षांत ते वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं.

"कुणाची?" सरांनी गोड आवाजात विचारलं.

"तुमची, सर. पस्तीस नाही, चोवीस आहे." ती पुढे आली, तिने फळ्यावर डोंगराच्या शेजारी खिंड काढली आणि कागद सरांपुढे धरला.

सरांनी कागदावर नजर टाकली. मित्रांनो, बाकावरच्यांना त्यांचा चेहरा दिसत होता, आणि तो हसरा होता. मला त्यांचा तळवा कळत होता. तो एकदम गार पडला आणि ओला झाला. त्यांना चूक दिसली होती. मी शपथेवर सांगते, त्यांना दिसली होती.

तिने हात पुढे केला. "सर, मला छडी नको. दादासाठी फक्त एक चिठ्ठी द्या, लवकर—"

त्यांनी त्या पुढे आलेल्या हातावर मला मारलं. खरं म्हणजे मनगटावर. हाडाचा आवाज सुक्या काटकीसारखा असतो, तो मी माझ्या अंगातून ऐकला. दुसरा फटका कानावर बसला. तिसरा पाठीत. ती फळ्यावर आदळली आणि तिची खिंड तिच्याच खांद्याने पुसली गेली. मग ती खाली पडली, आणि तरी मी वर जात होते आणि खाली येत होते. माझं पितळी टोपण लाल झालं. एक-दोघे अर्धवट उठले.

"बसा खाली!" सर गरजले.

ते बसले. चाळीस माणसं, मित्रांनो, शिकलेली.

घड्याळात बारा वाजले. बारा वाजून गेले.

तेवढ्यात खानावळीच्या काकू चहाची मोठी किटली घेऊन दारात आल्या. त्यांनी एक क्षण पाहिलं.

"अहो, माणूस आहात की कोण?" असं म्हणून त्यांनी ती उकळती किटली सरळ सरांच्या पायांवर फेकली. सर किंचाळले आणि मी त्यांच्या हातून सुटून जमिनीवर पडले.

गोगलगायीने कोपर टेकून अंग उचललं आणि घड्याळ पाहिलं. तिने डाव्या हाताने मला उचललं. पुष्कळांना वाटलं, ही आता सरांना मारणार. पण ती दाराकडे धावली. तिला चिठ्ठी मिळाली नव्हती. पण माझा नियम दादालाही ठाऊक होता. मी तिच्या हातात दिसले असते, तर त्याला वाचायला आणखी काही नको होतं.

अंगण ती कशी पार झाली कोण जाणे. प्रयोगशाळेचं दार आतून कडी लावलेलं होतं. गरम करताना मध्येच कुणी आत येऊ नये म्हणून तसाच नियम होता. दादा पाठमोरा उभा, पुढ्यात गरम पाण्याचं भांडं, त्यात तो चंबू. धूर ओढणारा पंखा इतका घरघरत होता की तिची हाक आत पोचेना. तिने मला दाराच्या काचेवर हाणलं. काचेत तारेची जाळी होती. पुन्हा हाणलं. काच तडकली. तिसऱ्यांदा तिने सगळा जीव एकवटून हाणलं, आणि मी मोडले. बाबांनी अंगठा फिरवला होता, त्याच जागी. माझी पुढची अर्धी काच फोडून आत पडली. पितळ फरशीवर खणखणलं आणि दादाने वळून पाहिलं.

त्याने पाहिलं, ते बहिणीचं रक्ताने माखलेलं तोंड आणि तिच्या मुठीत मी.

"तुझी छडी?" एवढं त्याच्या ओठांवर दिसलं. 'चिमणे, जिंकलीस की' म्हणत तो हसायलाच निघाला होता. मग त्याला उमगलं. त्याने ज्योत विझवली नाही, चंबूला हात लावला नाही. त्याने स्वतःला भट्टीच्या विटांच्या भिंतीआड फेकून दिलं.

त्यानंतरचं मी नीट सांगू शकत नाही. आवाज नव्हता, नुसता धक्का होता. दार बिजागऱ्यांसकट तिच्या शेजारून अंगणात आलं. हॉलच्या सगळ्या खिडक्या एकदम आत पडल्या आणि वहीत डोकं घालून बसलेल्या चाळीस जणांच्या मानांवर काचा बरसल्या. माझं मोडकं टोक जळलं. माझी दुसरी अर्धी राहिली नाही, तिची राखही वेगळी ओळखता आली नाही.

दादा भिंतीआडून रांगत बाहेर आला. त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं नव्हती. एक कान कायमचा गेला. आणखी दोन पावलं उशीर झाला असता, तर भिंतीच्या अलीकडे सापडला असता.

तो बाहेर येण्याआधी आणखी एक गोष्ट झाली, आणि ती मला लपवायची नाही. सर लंगडत अंगणात आले. गोगलगाय धुरात उभी होती. भाऊ मेला असंच तिला वाटत होतं. तिने माझं फाटकं टोक वर केलं आणि सरांच्या खांद्यावर हाणलं. ते काचांवर गुडघ्यांनी पडले.

"किती, सर?" तिने विचारलं.

ते काचांत हात टेकून मागे सरकले. तिने पुन्हा हाणलं. "किती?"

"चोवीस," सर म्हणाले. "चोवीस. मला दिसलं होतं."

तिने मला तिसऱ्यांदा उचललं, तेवढ्यात मागून आवाज आला, "चिमणे, पुरे. मला धर."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की ते दोन फटके तरी मला गोड लागले असतील. नाही. फटका न्यायाचा की अन्यायाचा, लाकडाला कळत नाही. आवाज अगदी तोच होता.

चौकशी झाली. चाळीस जणांनी एकामागून एक सांगितलं, आम्ही वहीत बघत होतो. काकूंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी वहीत बघत नव्हते. मला वाचताच येत नाही." तेवढ्या एका साक्षीवर सरांची नोकरी गेली. ते पुढे कुठल्या फळ्यापुढे उभे राहिल्याचं मी ऐकलं नाही. शाळा बंद पडली. मी मोडक्या नळ्यांच्या खोक्यात पडून होते. अंगावर धूळ आणि कोळ्यांची घरं. एकदा तर कुणीतरी मला चुलीत घालायला निघालं होतं. दादाने उरलेल्या दोन बोटांनी मला उचललं, पुसलं आणि घरी नेलं.

चार वर्षांनी गोगलगायीनेच शाळा पुन्हा सुरू केली. आता तिला बाई म्हणू लागले. दर उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी बाई मला टेबलावर ठेवत, वाकडं जुळलेलं मनगट दाखवत आणि म्हणत, "नियम एकच. चूक सापडेल त्याची छडी." मग पस्तीस आणि चोवीसची सगळी गोष्ट सांगत. फळ्यावर छडी म्हणून मी आता आखूड पडत होते, बाई मला आपटत तर कधीच नसत. एकदा काकू वैतागून म्हणाल्या, "अहो, निदान माशी तरी मारा तिने!" बाईंनी हातानेच हाकलली.

अशी तीस वर्षं गेली. पोरांजवळ आता मांडीवर मावणारे संगणक आले. फळ्यावर लाल ठिपका टाकणारी बोटभर दिवटी आली. मी नुसती आठवण म्हणून टेबलावर. बाईंचे केस पांढरे झाले. दादा म्हातारा झाला, शेवटच्या बाकावर येऊन बसे आणि अर्धंच ऐकून पूर्ण हसे.

मागच्या उन्हाळ्याची गोष्ट. कायम सर्दी झालेली एक मुलगी होती, सगळे तिला शिंकरी म्हणत. शाळेच्या दुसऱ्या दिवशी बाई आदल्या दिवशीच्या गोष्टीतली खिंड पुन्हा फळ्यावर काढून मला हातात घेऊन सांगत होत्या, "आणि तो आकडा होता चोवीस." शिंकरीने नाक पुसलं आणि उभी राहिली.

"बाई, फळ्यावर चूक आहे. चोवीस नाही, बावीस आहे."

ती गोष्ट तिथे कुणी तपासायची असते असं कुणाला वाटलंच नव्हतं.

"तुम्ही एक खिंड सापडल्यावर थांबलात, बाई," ती मुलगी अडखळत म्हणाली. "रेणू आधी कलतो हे बरोबर, पण मग तो थोडा पिळतोसुद्धा. तिकडून आणखी ठेंगणी वाट आहे. माझ्या संगणकावर मी काल... सॉरी, बाई." ती पुन्हा शिंकली, पण कुणी हसलं नाही.

बाईंनी तिच्या पडद्यावर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी त्यांच्या मुठीत होते. चोवीस! त्या एका आकड्यासाठी मनगट गेलं होतं, भावाची बोटं गेली होती. तीस वर्षं त्या आकड्यावर त्यांनी अख्खी शाळा उभी केली होती. आणि ही काल आलेली पोर म्हणते, तोही चुकला. बाईंचा तळवा गार पडला. ओला झाला. मूठ आवळली. मित्रांनो, तो तळवा मला ओळखीचा होता. माझ्या जळक्या टोकापर्यंत शहारा आला. मला वाटलं, आता.

मागून दादाने ओरडून विचारलं, "काय म्हणतेय गं ती?"

"म्हणतेय," बाईंचा आवाज चिरकला, "माझं चुकलं. बावीस आहे म्हणतेय. म्हणजे दादा, बर्फातून काढल्यापासूनच तो चंबू... आपल्याला वाटत होता तेवढा वेळ तुला नव्हताच."

दादाने कानामागे हात धरून सगळं ऐकून घेतलं. "खरंय का तिचं?"

"खरंय."

"मग दे की छडी. वाट कसली बघतेस?"

बाईंनी हात पुढे केला. त्या मुलीने आधी डोळे मिटून घेतले, कारण गोष्ट तिनेही ऐकली होती. मग वादी तिच्या तळव्याला लागली तेव्हा तिने डोळे उघडले. बाई फळ्यापासून चालत गेल्या, पहिल्या बाकावर बसल्या आणि वाकड्या मनगटाने टाळ्या वाजवू लागल्या. त्यांचे गाल ओले होते. शिंकरीला मला कसं धरावं कळेना, तिने मला उलटं धरलं, जळकं टोक हातात आणि वादी फळ्याकडे. तसंच उलटं धरून तिने बावीसची वाट काढून दाखवली.

मित्रांनो, माझी कहाणी एवढीच. मला चौकट नको, कपाट नको. मी अर्धी आहे, तरी एका मुठीला पुरते. एवढंच करा. कुणी उठून तुमची चूक दाखवली आणि तुमचा तळवा गार पडला, तर तो हात उगारायला वर नेऊ नका. पुढे करा. आणि तुम्ही बाकावर असाल, तर वहीत बघत बसू नका.